नलूकाकीचे चार दिवस

पाळी पुढं ढकलायची गोळी आमच्या मेडिकलमध्ये मागायला याल, तर आधी माझे प्रश्न ऐकावे लागतील. कुणासाठी पाहिजे? वय काय? पाळी चालू आहे की गेलेली? गेलेली असेल तर गोळी कशाला? बायका वैतागतात. "सत्यनारायण आहे हो घरात, द्या ना पटकन," म्हणतात. परवा एकीनं तोंडावर सांगितलं, "तुमच्यापेक्षा समोरचा बरा, काही विचारत नाही." म्हटलं, मग जा समोर. डॉक्टरची चिठ्ठी नसेल तर मी गोळी देत नाही, आणि चिठ्ठी असली तरी वय विचारल्याशिवाय देत नाही. आमचे हे फार्मसी शिकलेले, दुकान त्यांच्या नावावर. मी नुसती दुपारची गल्ल्यावर बसणारी. पण या एका बाबतीत तेसुद्धा मला काही बोलत नाहीत. हे प्रश्न मी कुणाला विचारायचे राहून गेले, ते त्यांना ठाऊक आहे.

नलूकाकीला विचारायचे राहून गेले.

पेणमध्ये आमच्या दुकानाच्या मागच्या आळीत तिचं घर. घरामागं पत्र्याची शेड आणि शेडमध्ये पोह्याच्या पापडांचं काम. नवरा डोलवीच्या कंपनीत ठेकेदाराकडं कामाला होता, तो हार्ट अटॅकनं गेला तेव्हा काकी चाळिशीत. मूलबाळ नाही. सासरच्यांनी हळूहळू येणं थांबवलं. तिनं घरातला पाटा-वरवंटा बाहेर काढला, शेजारच्या दोघी हाताशी घेतल्या आणि पापड सुरू केले. मी लग्न होऊन पेणला आले तेव्हा शेडमध्ये दहा-अकरा बायका झाल्या होत्या.

बाई आडव्या अंगाची. "मी बसले की पाट कुठं गेला ते पोलिसानला पण सापडायचं नाय," असं तीच सांगायची आणि तीच हसायची. हसायला लागली की आधी खांदे हलायचे, मग पोट, आवाज सगळ्यात शेवटी यायचा. पीठ भिजवायचं काम तिचं एकटीचं. पोह्याचं पीठ, तिखट, हिंग, मीठ, पापडखार, सगळं अंदाजानं. मग तेलाचा हात लावून उंडा कुटायचा. कुटता कुटता सगळ्या आळीची चौकशी चालायची. कुणाच्या सुनेचं काय, कुणाच्या पोराला कंपनीत कायम केलं की नाही, कुणाच्या दारात गाडी उभी होती. नाकाजवळ नुसता उंडा नेऊन मीठ कमी की जास्त ते सांगायची. आम्ही मुद्दाम चाखून बघायचो. एकदाही चुकली नाही.

एकदा मुंबईच्या एका दुकानाचा माणूस आला. तरुण, शर्टाला घड्या पडू नयेत म्हणून उभाच. म्हणाला, "मशीननं लाटा, सगळे एकसारखे होतील." काकीनं कढई ठेवली. त्याच्याच पिशवीतला मशीनचा पापड तळला, मग स्वतःचा तळला. त्याला म्हणाली, "डोळे मीट रे भाऊ." त्यानं मिटले. तिनं एक मोडला, मग दुसरा मोडला. "कुठला वाजला?" त्यानं दुसरा सांगितला. "मंग? पापड काय डोळ्यानं खातोस?" तो बिचारा ऑर्डर देऊन आणि वर चार मिरगुंडं खाऊन गेला.

आमच्याकडं ती शुगरच्या गोळ्यांना यायची. औषधांची नावं तिनं कधी घेतली नाहीत. "ती हिरवी दे, जेवणाआधीची, आणि ती चपटी दे." शुगर तिची कधीच ताब्यात नसायची, कारण संध्याकाळी बुंदीचा लाडू चुकायचा नाही. मी ओरडले की म्हणायची, "गोड बोलणारं कोण नाय घरात, गोड खाऊ पण नको?"

आता शेडमधल्या त्या टेबलाविषयी सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आमच्याकडं अजूनही बायका मानतात की पाळीतल्या बाईचा हात लागला तर पापड तळताना लाल पडतात आणि लोणचं नासतं. मी खोटं कशाला बोलू, माझ्या सासरीही तेच होतं. बाकीच्या पापडवाल्या त्या चार दिवसांत बायकांना घरी बसवायच्या. चार दिवस काम नाही म्हणजे चार दिवस मजुरी नाही. नलूकाकीला ते पटेना. "पोट काय चार दिवस बंद राहतं?" तिनं शेडच्या दाराशी एक टेबल टाकलं. वाळून, मोजून तयार झालेले पापड पिशव्यांत भरायचे, चिकटवायचे, लेबल लावायचं. ज्या बाईची अडचण असेल तिनं पिठाकडं न येता तिथं बसायचं आणि मजुरी पूर्ण घ्यायची. आमच्या आळीत मग तोच शब्द झाला. "ती पॅकिंगला बसली" म्हटलं की सगळ्यांना कळायचं.

आणि सगळ्या जणींच्या तारखा काकीच्या डोक्यात. संगीता नावाची एक नवी सून कामाला होती, ती एका महिन्यात टेबलाकडं फिरकली नाही. तारीख उलटल्यावर पाचव्या दिवशी काकी तिच्या कानाशी गेली, "गो, तू घरी सांगितलंस का?" संगीताला स्वतःलाही अजून कळलं नव्हतं. दुसऱ्या एकीला महिन्यातून दोनदा टेबलाशी बसलेलं पाहिलं तेव्हा काकीनं हात धरून तिला सरकारी दवाखान्यात नेलं. इतकं सगळ्यांचं बघायची. पण तोंडानं काय म्हणायची? "ते". "तिचं ते बिघडलंय." "तिचं ते काढून टाकलं." ट्रक गल्लीत अडकला तर ड्रायव्हरच्या सात पिढ्या उद्धरणारी बाई, पण कमरेखालच्या एकाही गोष्टीला तिच्याकडं शब्द नव्हता. "ते" म्हणतानाही आवाज खाली.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. मिरगुंडांची ऑर्डर द्यायला मी शेडमध्ये गेले, तर पाटावर संगीता पीठ भिजवत होती आणि नलूकाकी टेबलाशी बसून लेबलं चिकटवत होती. मला वाटलं हात दुखावला. बघते तर सगळ्या बायका पदर तोंडाला लावून हसतायत. संगीता म्हणाली, "सुषमावहिनी, काकी वयात आली!"

काकीची पाळी जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. वय अठ्ठावन्न. आणि परत सुरू झालं होतं.

मीही हसले. हे मला लिहायलाच हवं. त्या मुली अडाणी होत्या म्हणू, मी बारावी सायन्स झालेली, औषधांच्या दुकानात दहा वर्षं बसलेली, आणि मी हसले. कुणीतरी नारळ आणला, कुणी गूळ आणला. पूर्वी मुलीला पहिल्यांदा पाळी आली की करायचे तसं बायकांनी तिला पाटावर बसवलं. विधवेची ओटी भरत नाहीत, पण त्या दिवशी संगीतानं भरली. काकीनं ओटी पोटाशी धरली. खांदे हलले, पोट हललं, आवाज आला. डोळ्यांतून पाणी आलं ते पदरानं पुसत म्हणाली, "म्हातारपणी देवाला माझी आठवण झाली वाटतं." ते पाणी हसण्याचं होतं असंच आम्ही सगळ्या धरून चाललो. नवरा गेल्यापासून जिची ओटी कुणी भरली नाही, तिला त्या दिवशी काय वाटलं असेल, हे मला आज कळतं आणि जीव तुटतो.

चार दिवसांनी ती पाटावर परत बसली. वीस दिवसांनी पुन्हा टेबलाशी. मग सलग आठ दिवस तिथंच. मग पुन्हा. आता कुणी हसत नव्हतं, पण कुणी विचारतही नव्हतं. जी सगळ्यांच्या तारखा मोजायची, तिची मोजायला कोणी नव्हतं.

उन्हाळा हा पापडांचा हंगाम. फेब्रुवारीत ती दुपारची दुकानात आली. आमचे हे जेवायला गेले होते. आली ती आधी रस्त्यावर कोण आहे ते बघून आली. "गो, ती चार दिवस थांबवायची गोळी दे. संगीताला पायजे. घरात पूजा हाय." मी पाकीट दिलं. मार्चमध्ये पुन्हा आली, "संगीताला." एप्रिलमध्ये पुन्हा. संगीताकडं किती पूजा होत्या? मला संशय आला नाही, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला बजावत होते. आला होता. पण नलूकाकी मोठी, तिच्या तोंडावर असलं कसं विचारायचं, म्हणून मी पाकीट कागदात गुंडाळून दिलं आणि वर विचारलं, "हिरव्या आहेत ना घरी?" गोळ्या चालू असेपर्यंत रक्त थांबायचं. ती पाटावर बसायची, उंडा कुटायची. हंगाम झकास गेला.

पावसाळ्यात ती पांढरी पडायला लागली. जिना चढताना थांबायची. श्रावणात एका दुपारी उंडा कुटता कुटताच कलंडली. हातात वरवंटा तसाच. लुगड्याला मागून लागलेलं सगळ्यांनी पाहिलं, आणि पहिल्यांदा सगळ्या घाबरल्या.

रोह्याला, कुंडलिका नदीपलीकडं अष्टमी गावात तिची धाकटी बहीण, शोभा. ती त्याच दिवशी आली आणि बहिणीला घेऊन गेली. पेणच्या डॉक्टरकडं जायला काकी तयारच नव्हती. "इथं सगळे पापड नेतात माझे, यांच्यापुढं कुठं झोपू?" रोह्याची डॉक्टर बाई आहे, कुणाच्या ओळखीची नाही, एवढ्यावर ती कशीबशी तयार झाली. मी बरोबर गेले.

डॉक्टरबाई शांत होत्या. एकेक विचारत लिहीत होत्या. पाळी कधी गेली? "पंचावन्न पूर्ण झाल्यावर." उशिराच गेली म्हणायची. मूल? "नाय." शुगर? "हाय." बीपी? "हाय." वजन केलं. घरात कुणाला कॅन्सर? दोघी बहिणींनी एकमेकींकडं पाहिलं. शोभा म्हणाली, "आईला व्हता. आतड्याचा. पन्नाशी पण गाठली नाय तिनं." डॉक्टरबाईंचं पेन थांबलं. काकीनं त्यांचा चेहरा वाचला. म्हणाली, "बाई, मघापासून माझी सगळी उत्तरं लिहून घेताव तुम्ही. पास झाले का नापास?"

"तसं नसतं, काकी," त्या म्हणाल्या. "हे सगळं असूनही पुष्कळ बायकांना काही होत नाही. यातलं काहीच नसून काहींना होतं. पण पाळी गेल्यावर एक डाग जरी दिसला, तरी आम्हाला तो बघावाच लागतो. बाकी काही गोळ्या घेतल्या का?"

"शुगरच्या," काकी म्हणाली.

मी तोंड उघडलं. सांगितलं. कुठली गोळी, किती महिने. डॉक्टरबाईंनी माझ्याकडं बघितलं, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "त्या गोळीनं रक्त थांबतं," एवढंच म्हणाल्या. "आजार थांबत नाही."

"तिनं नाय दिल्या," काकी एकदम म्हणाली. "मी मागितल्या. खोटं बोलून मागितल्या."

सोनोग्राफी झाली, तीही आतून करायची होती. काकी भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. गर्भाशयाचं अस्तर या वयात पातळ असायला हवं, ते जाड झालेलं दिसलं. मग अस्तराचा तुकडा काढून तपासायला पाठवला. "आठ दिवसांनी कळेल." परतीच्या एस्टीत मी रडत होते. काकीनं पिशवीतून शेंगदाणे काढून माझ्या हातावर ठेवले. "मी खोटं बोलले नि तू खरं मानलंस. रडतेस कशाला?" मी म्हटलं, "मी खरं मानलं नव्हतं गं काकी." ती खिडकीबाहेर बघत राहिली. नागोठणं गेल्यावर म्हणाली, "शेंगदाणे खा. नरम पडतील."

रिपोर्ट आला. गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर. पुढचं मुंबईला. मोठ्या इस्पितळात पुन्हा मशीनमध्ये घातलं, पुन्हा फोटो. तो गर्भाशयाबाहेर पडला होता. पोटातल्या गाठींत गेला होता, फुप्फुसावरही डाग होते. तिथल्या तरुण डॉक्टरनं खुर्ची जवळ ओढून सांगितलं, की हा पूर्ण बरा होईल असं मी म्हणणार नाही. औषधाच्या सलाईनींनी त्याला अडवून धरायचा प्रयत्न करू. काकीनं विचारलं, "किती दिवस?" तो म्हणाला, "तारीख कुणालाच सांगता येत नाही, काकी. औषध कसं लागू पडतं ते बघू. पण फार लांबचं ठरवू नका."

"पुढला उन्हाळा करीन ना?"

"करा," तो म्हणाला. डॉक्टर होण्याआधी तोही कुणाचा तरी मुलगा होता.

पहिल्या सलाईननंतर केस गेले. काकीनं डोक्याला रुमाल बांधला नाही. "कशाला? पापडात केस सापडायची भीती गेली." शेडमध्ये आली, सगळ्यांना बसवलं आणि बोलली. मी दारात उभी होते. "माझ्या गर्भाशयाला कॅन्सर झालाय," म्हणाली. गर्भाशय. पहिल्यांदाच तिच्या तोंडून तो शब्द ऐकला. "पाळी गेल्यावर परत आली तर ती पाळी नाय. ओटी भरू नका, नारळ फोडू नका. दुसऱ्या दिवशी डाक्टर. मधेच रक्त गेलं, घाण पाणी गेलं, पोट उगीच फुगलं, तरी डाक्टर. लाज वाटली तर मला सांगा, मी येते संगती." संगीता ओक्साबोक्शी रडायला लागली. काकी तिच्यावर खेकसली, "गप. उंडा सुकतोय."

आणि खरंच गेली संगती. दोन सलाईनींच्या मधल्या बऱ्या दिवसांत एकेकीला घेऊन रोह्याच्या एस्टीत बसायची. कुणाला नुसतं इन्फेक्शन निघालं, कुणाला गाठ, साधी. एकीच्या गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी केली, तिथं बदल नुकते सुरू होत होते, कॅन्सर अजून झाला नव्हता, तो भाग काढून टाकला आणि ती मोकळी झाली. काकी प्रत्येक वेळी बाहेरच्या बाकावर बसलेली असायची. आत गेलेली बाई हसत बाहेर आली की तिचे खांदे हलायचे.

याच दिवसांत एकदा तिनं मला विचारलं. आम्ही दोघीच होतो शेडमध्ये. "तू शिकलेली. खरं सांग. खरंच लाल पडतात का गो पापड?"

"नाही," मी म्हटलं. "खार जास्त झाला, ओल राहिली, तर पडतात. हाताचा काही संबंध नाही."

"ठाऊक व्हतं तुला?"

"हो."

"मंग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

ती माझ्यावर चिडली नाही. पाटावर बसली. त्या दिवशी तिला रक्त जात होतं, औषध चालू असूनही अधूनमधून जायचंच. तिनं पीठ घेतलं, तिखट घेतलं, खार घेतला. हाताला ताकद नव्हती, तरी मला हात लावू दिला नाही. थोडासाच उंडा केला, सात-आठ पापड लाटले, दिवसभर अंगणात वाळवले आणि दुसऱ्या दिवशी मला बोलावून घेतलं. कढई ठेवली. पहिला सोडला. फुलला. दुसरा सोडला. सगळे तळले. पांढरेशुभ्र. एकही लाल नाही. ती कितीतरी वेळ झाऱ्यातला शेवटचा पापड उजेडाकडं धरून बघत राहिली.

"यापायी तिकडं बसले व्हय मी," म्हणाली. "यापायी गोळ्या खाल्ल्या."

मी कढईखालचा गॅस बंद केला. दुसरं काय करणार होते? मनात आलं की त्या पापडांवर, त्या टेबलावर, माझ्या दुकानावर, सगळ्यावर रॉकेल ओतून पेटवून द्यावं.

मी तिला शेवटचं पाहिलं ते रोह्यात. उन्हाळा लागत होता. सलाईनींचा आता उपयोग होत नाही, असं मुंबईहून कळलं होतं, आणि ती थोडे दिवस अष्टमीला बहिणीकडं राहायला गेली होती. मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनी एकदा बोलता बोलता सांगितलं होतं, की आईला आतड्याचा आणि हिला हा, म्हणजे बहिणीनंही जपायला हवं. ते काकीनं मनात धरलं होतं. शोभाला ती रोज विचारायची, काही दिसलं का. सकाळी उठली की पहिला प्रश्न तोच. शोभा रागवायची, "मला काय नाय गो, तू झोप." मग एका सकाळी शोभा गप्प झाली. आदल्या दिवशी एकच डाग दिसला होता, तिळाएवढा. तिची पाळी जाऊन दीड वर्ष झालं होतं. काकीला तेव्हा धड उभं राहवत नव्हतं. तिनं रिक्षा बोलावली आणि त्याच दुपारी शोभाला दवाखान्यात नेऊन बसवलं.

तुकडा तपासायला गेला. मग एमआरआय झाला. सगळे रिपोर्ट घेऊन जायच्या दिवशी काकीनं मला फोन केला, "ये. मला वाचता येत नाय नि शोभाला धीर नाय." मी गेले. ती बाकावर बसली होती. आडव्या अंगाची बाई बाकाच्या एका कोपऱ्यात मावली होती. पायांना सूज, श्वास लागलेला. शोभाचा हात दोन्ही हातांत धरून ठेवलेला.

आत गेलो. डॉक्टरबाईंनी कागद उलटसुलट पाहिले. मग त्या म्हणाल्या, "कॅन्सर आहे. पण अगदी सुरुवातीचा. अस्तरातच आहे, बाहेर कुठंही गेलेला नाही. ऑपरेशन करून गर्भाशय काढायचं, बहुतेक तेवढ्यावरच भागेल. तपासणीला मात्र येत राहायचं. शोभाताई, तुम्ही फार वेळेवर आलात."

शोभा रडायला लागली. काकीनं तिला जवळ घेतलं, तिच्या पाठीवर थाप मारत राहिली. "बघ. बघ. मी सांगत नव्हते? जगशील गो तू. नातवंडं खेळवशील." चेहरा असा उजळला होता, की वर्षभरात तो तसा मी पाहिला नव्हता. डॉक्टरबाई हसल्या. मीही हसले.

मग काकीचा हात शोभाच्या पाठीवर थांबला. ती डॉक्टरबाईंकडं वळली. आवाज खाली आला.

"बाई, दिवाळीला मला पयल्यांदा दिसलं... तेव्हा माझंपण एवढंच असेल ना?"

डॉक्टरबाई खोटं बोलू शकल्या असत्या. मला वाटत होतं त्यांनी बोलावं. पण काकी त्यांच्याकडं अशी बघत होती, की खोटं बोलायची सोयच नव्हती.

"हो, काकी," त्या म्हणाल्या. "बहुतेक एवढंच असणार."

काकीनं मान हलवली. एकदा, दोनदा. माझ्याकडं तिनं बघितलं नाही, मुद्दामच बघितलं नाही. शोभाच्या मांडीवरचे रिपोर्ट उचलून नीट पिशवीत घातले, पिशवीला गाठ मारली.

"बरं," म्हणाली. "मंग हिला ऑपरेशनला उपाशी आणायची का, बाई?"